बाहेरच्या एजन्सीला काम देण्याआधी उद्दिष्ट कसे ठरवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षे पणजीत एका जाहिरात एजन्सीत होतो. आता फोंड्याला बसून टेबलाच्या दुसऱ्या बाजूचे काम करतो. होमस्टेवाले, काजूचे दुकानदार, देवस्थानच्या कमिट्या, खासगी दवाखाने अशांना एजन्सीकडे जाण्याआधी त्यांचा उद्दिष्टाचा कागद तयार करून देतो. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले. उदाहरणे बहुतेक वेबसाइट आणि जाहिरातीची आहेत. पण सॉफ्टवेअर असो, इंटिरियर असो की हिशेबाची यंत्रणा, घोडे अडते ते त्याच ठिकाणी.

उद्दिष्ट एजन्सीनेच ठरवायला नको का? त्यासाठीच तर पैसे देतो.

कसे करायचे ते एजन्सी ठरवते. कशासाठी करायचे ते तुम्ही. जत्रेच्या नाटकाला आपण बाहेरून दिग्दर्शक आणतो, तेव्हा नाटक ऐतिहासिक की सामाजिक, गावातली पात्रे किती, खर्च किती, हे मंडळाच्या बैठकीत आधीच ठरलेले असते. दिग्दर्शक येतो तो तालमी घ्यायला. एजन्सीकडे जाताना मात्र आपण रिकाम्या हाताने जातो आणि म्हणतो, "तुम्हीच सांगा काय करूया."

खरे सांगायचे तर एजन्सीत असताना असे गिऱ्हाईक आम्हाला फार आवडायचे. ज्या महिन्यात आमची व्हिडिओची माणसे रिकामी असायची, त्या महिन्यात येणाऱ्या प्रत्येकाला व्हिडिओची गरज असायची. त्यात कोणी कोणाला मुद्दाम फसवत नव्हते. ज्याच्या हातात जे असते ते तो विकतो, इतकेच.

"आम्हाला वेबसाइट करायची आहे" हे उद्दिष्ट नाही का?

नाही. ते कामाचे नाव झाले. वेबसाइट तयार झाली, पैसे दिले, पुढे काय? सहा महिन्यांनी तुमच्या धंद्यात कोणती गोष्ट आजच्यापेक्षा वेगळी दिसायला हवी, ते उद्दिष्ट.

पेडण्यातल्या एका होमस्टेच्या मालकांची गोष्ट सांगतो. ते माझ्याकडे आले ते "बुकिंग वाढवायला वेबसाइट हवी" म्हणून. त्यांची वही उघडली. डिसेंबर-जानेवारीत खोल्या आधीच भरलेल्या, माणसे परत पाठवावी लागत होती. रिकाम्या होत्या त्या जून ते सप्टेंबर. म्हणजे त्यांना बुकिंग नको होते, पावसातले बुकिंग हवे होते. ते देणार कोण? चार्टर विमानाने येणारे पाहुणे ऑक्टोबरपासून पुढचे. पावसात शनिवार-रविवारी गाडी काढून येतात ती बेळगाव, कोल्हापूर, पुण्याची माणसे. एवढे कळल्यावर सगळेच फिरले. समुद्रकिनाऱ्याचे फोटो बाजूला पडले, ओले परसू आणि जेवणाचे ताट पुढे आले. इंग्रजीबरोबर मराठी आणि कानडी मजकूर ठरला. रशियन भाषेतले पान, जे त्यांच्या मुलाच्या मनात पहिल्या दिवसापासून होते, ते रद्द झाले. हे सगळे एजन्सीचा उंबरठा ओलांडण्याआधी झाले आणि त्याला वहीखेरीज काही लागले नाही.

आमच्याकडे आकडेच नाहीत. मग मोजायचे कशाच्या आधारावर?

असतात, पण आपण त्यांना आकडे म्हणत नाही. पाहुणे ठेवत असाल तर रजिस्टर आहे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती फॉर्म भरून (पूर्वीचा सी फॉर्म) सरकारला कळवावी लागते. म्हणजे कोणत्या देशाची किती माणसे आली, याची यादी तुमच्या हातात आहे. बुकिंग साइट दर महिन्याला हिशेब पाठवते, त्यात कापलेले कमिशन लिहिलेले असते. ते बारा महिन्यांचे बेरजेला घ्या. बऱ्याच जणांनी ती बेरीज आयुष्यात केलेली नसते, आणि केल्यावर थोडा वेळ बोलत नाहीत. दुकानदाराकडे बिलबुक आहे, दवाखान्यात केस पेपरचे रजिस्टर.

जिथे खरोखर काहीच नाही तिथे एक महिना थांबा. गल्ल्याजवळ शाळेची साधी वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमचे नाव कुठून कळले?" चार रकाने पुरेत: ओळखीतून, रस्त्यावरची पाटी बघून, फोनवर शोधून, वर्तमानपत्रातून. महिनाभराने जे दिसेल ते कोणत्याही एजन्सीच्या सादरीकरणापेक्षा खरे असेल.

एक सावधगिरी. पायाला कोणते वर्ष धरता ते बघा. पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळावरून प्रवासी विमाने ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली. पेडण्यातल्या माणसाने २०२२ शी तुलना केली, तर विमानतळाने आणलेली गिऱ्हाइकेही एजन्सीच्या खात्यावर जमा होतील.

उद्दिष्टे किती असावीत?

एक. फार तर दोन. तिसरे लिहावेसे वाटले तर पहिल्या दोनांपैकी एक खोडा.

"स्मार्ट" पद्धत वापरावी का? सगळ्या प्रशिक्षणांत तीच सांगतात.

वापरा, पण मूळची वापरा. ही पद्धत जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली एका व्यवस्थापनाच्या मासिकात मांडली. SMART या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांचे पाच निकष म्हणजे उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, कोणावर तरी सोपवलेले असावे, आवाक्यातले असावे आणि मुदतीचे असावे. पुढे हात बदलता बदलता बहुतेक ठिकाणी "सोपवलेले" गळाले आणि त्याच A या अक्षरावर "साध्य होण्याजोगे" येऊन बसले. आता साध्य होण्याजोगे आणि आवाक्यातले यांत फरक काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. गळाले ते मात्र महत्त्वाचे होते. बाहेरच्या एजन्सीबरोबर काम फसते ते बहुधा याच जागी. फोटो कोण देणार, दरपत्रक कोण तपासणार, वेबसाइटवरून चौकशी आली की तासाभरात उत्तर कोण देणार? "आम्ही" हे उत्तर चालत नाही. नाव लिहा.

आम्ही सात भाऊबंद आहोत (किंवा: आमची कमिटी आहे). एकमत होत नाही. काय करावे?

गोव्यातला हा सर्वात मोठा प्रश्न आहे. घर वडिलोपार्जित, एक भाऊ लंडनला, बहीण मुंबईत, धाकटा इथे राहून सगळे बघतो. एजन्सी धाकट्याशी बोलून काम करते. मग डिझाइन कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि लंडनहून रात्री अकराला निरोप येतो, "हा हिरवा रंग कोणी निवडला?" देवस्थानात तर मध्येच कमिटी बदलते आणि नवी कमिटी जुनीने ठरवलेले सगळे पुन्हा उघडते.

मी करतो ते असे. प्रत्येकाला वेगळे गाठून किंवा वेगळा फोन करून एकच प्रश्न विचारायचा: "हे काम झाल्यावर काय झाले तर तुम्ही म्हणाल की पैसे वसूल झाले?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. सगळी उत्तरे एका कागदावर ठेवली की भांडण रंगाचे नव्हतेच, हे दिसते. एकाला भाडे हवे आहे, दुसऱ्याला घराचे नाव राहायला हवे आहे. हे भांडण घरातच मिटवा. ते एजन्सीपुढे नेले तर त्याचे तासाप्रमाणे बिल येते.

शेवटी एकच माणूस ठरवा, ज्याचा होकार म्हणजे होकार. बाकीच्यांनी मत त्याला द्यायचे. कमिटी असेल तर बैठकीच्या इतिवृत्तात ठराव घ्या: उद्दिष्ट, रक्कम, होकार देणाऱ्याचे नाव. मग कमिटी बदलली तरी कागद राहतो.

काय करायचे नाही, हेही लिहायचे का?

आधी तेच लिहा. हर्ट्झ ही गाड्या भाड्याने देणारी मोठी अमेरिकन कंपनी. तिने वेबसाइट आणि अॅप नव्याने करायचे काम २०१६ मध्ये अॅक्सेंचर या सल्लागार कंपनीला दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात अॅक्सेंचरवर दावा ठोकला. दिलेली ३ कोटी २० लाख डॉलरची फी परत मागितली. तक्रारीत बरेच काही होते, पण मला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिली. हर्ट्झचे म्हणणे असे की पाने फोन, टॅब्लेट आणि कॉम्प्युटर अशा तिन्ही मापांत दिसायला हवी होती. अॅक्सेंचरने मधले माप वगळले आणि ते करायला वेगळे पैसे मागितले. खरेखोटे ते दोघे जाणोत. पण एवढ्या मोठ्या कंपन्यांत, एवढ्या वकिलांच्या देखत, "यात टॅब्लेट येतो की नाही" यावर वाद होऊ शकतो, तर आपल्या दोन पानी कोटेशनचे काय?

म्हणून दोन याद्या करा. यात काय येते, यात काय येत नाही. फोटो काढणे येते का? मजकूर कोण लिहिणार? मराठीचे मुद्रितशोधन? वर्षभर दर बदलत राहणे? होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर ठेवण्याचे, दुसऱ्या वर्षाचे पैसे? जिथे दोन्ही याद्यांत नाव सापडत नाही, तिथे पुढे वाद होणार असे समजा.

भाषा कोणती ठेवावी, हे उद्दिष्टात लिहायचे का?

गोव्यात तरी लिहायचेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामात वापर ठेवला. सासष्टीत मोठा वर्ग रोमी लिपीत कोकणी वाचतो, डिचोली-सत्तरीत सकाळी मराठी वर्तमानपत्र येते, पर्यटक इंग्रजीत शोधतो. एजन्सी बेंगळुरूची असेल तर तिला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ती "स्थानिक भाषा" असे लिहील आणि मशीनकडून भाषांतर करून देईल. तुमचे गिऱ्हाईक कोण, ते ठरले की भाषा आपोआप ठरते. सगळ्यांसाठी सगळ्या भाषा, असे मात्र कबूल करू नका. चार भाषांत पान केले की दर बदलताना चार ठिकाणी बदलावे लागतात, आणि चौथ्या ठिकाणी विसरले जाते.

मुदत किती द्यावी?

कॅलेंडर काढून उलटे मोजा. पर्यटनाचे काम असेल तर ऑक्टोबर उजाडण्याआधी सगळे चालू हवे. त्याच्या आधी चवथ (गणेश चतुर्थी) येते. चवथीच्या आसपासचे आठ-दहा दिवस तुमचेही नाहीत आणि इथल्या एजन्सीचेही नाहीत. ती आपले काम बंद ठेवेल आणि त्यात तिची चूक नाही. त्याआधी दोन आठवडे तपासणीला. म्हणजे काम मे-जूनमध्ये सुरू व्हायला हवे, आणि हा कागद एप्रिलमध्ये. बाहेरचे फोटो हवे असतील तर तेही पावसाआधी काढून ठेवा, नाहीतर निळ्या ताडपत्रीखालचे घर वेबसाइटवर येईल.

बजेट आधी सांगावे का? सांगितले तर तेवढेच लावतील ना?

ताकाला जाऊन भांडे लपवू नये. आकडा नाही सांगितला, तर एक एजन्सी चाळीस हजारांचे कोटेशन देते, दुसरी चार लाखांचे, आणि दोघी वेगवेगळ्या कामाची किंमत सांगत असतात. तुलना कशाशी करणार? पल्ला सांगा, आणि त्यात काय बसेल ते लेखी मागा.

आकड्यात तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या. एक, एजन्सीची फी. दोन, गूगल किंवा फेसबुकला जाहिरातीसाठी जाणारे पैसे. हे शक्यतो तुमच्या कार्डावरून, तुमच्या खात्यातून जावेत. तीन, जीएसटी. एजन्सीच्या सेवेवर तो १८ टक्के असतो, आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. एक लाखाचे काम तुम्हाला एक लाख अठरा हजारांना पडते. "प्लस टॅक्स" हे दोन शब्द कोटेशनच्या तळाला अगदी बारीक असतात.

पैसे दिले म्हणजे काम आमच्या मालकीचे झाले ना?

इथे बहुतेक जण चुकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेले फोटो आणि चित्रफीत, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचे असतात. पण मजकूर आणि वेबसाइटचा कोड यांचे तसे नाही. बाहेरच्या माणसाने लिहिलेले असेल तर पहिला मालक तोच. तुमच्याकडे हक्क यायचे तर सहीनिशी लेखी हस्तांतर लागते. आणि त्या लेखी कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. परदेशी पाहुण्यांवर धंदा असलेल्या माणसाला ही ओळ महाग पडू शकते. लोगोसाठीही तोंडी भरवशावर राहू नका. "सर्व हक्क, कायमचे, जगभर" हे शब्द करारात घालून घ्या. वकिलाला एकदा दाखवा.

त्याहून रोजची गोष्ट म्हणजे चाव्या. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर? गूगलवरचे दुकानाचे पान कोणाच्या खात्यात? माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचे डोमेन एजन्सीतल्या मुलाच्या खासगी ईमेलवर होते. मुलगा नोकरी सोडून दुबईला गेला. डोमेनची मुदत संपल्याची सूचना तिथे जात राहिली. हे सगळे तुमच्या नावावर उघडून मग एजन्सीला प्रवेश द्यायचा. उलटे नाही.

पाहुण्यांची नावे, फोन नंबर गोळा होणार असतील तर आणखी एक: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात माहितीची जबाबदारी ज्याच्यासाठी ती गोळा होते त्याच्यावर आहे. काम एजन्सीने केले, म्हणून ती टळत नाही.

हप्ते कसे पाडावेत?

तारखांना नको, टप्प्यांना बांधा. "दुसरा हप्ता १५ जुलैला" असे नाही. "मजकुरासह पाच पाने फोनवर नीट उघडल्यावर" असे.

आणि काम पसंत नसेल तर गप्प बसू नका. एजन्सी नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा लागतो. काम हातात आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे धरले जाते. करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे रोखता येत नाहीत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. फोनवर "जरा बघूया हं" म्हणणे ही हरकत नव्हे. ईमेल करा.

एजन्सी म्हणते, गूगलवर पहिला नंबर देऊ, लेखी गॅरंटी. ते उद्दिष्ट चालेल?

गूगल स्वतः सांगते की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय पहिला नंबर कोणत्या शब्दांसाठी? तुमच्या दुकानाच्याच नावाने शोधले तर तुम्ही पहिले येणारच. लाइक, फॉलोअर, व्ह्यूज यांचेही तेच. गल्ल्यात दिसत नाही असा आकडा उद्दिष्टात घेऊ नका.

आमचा धंदा फेणीचा आहे. काही वेगळे?

हो. काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते जरूर सांगा. पण मद्याच्या थेट जाहिरातीवर बंधने आहेत, आणि समाजमाध्यमांचे स्वतःचे नियम त्यावर आणखी. एजन्सीने आधी हे काम केले आहे का, ते विचारा. "महिन्याला तीस रील" असल्या उद्दिष्टाऐवजी भट्टीवर येऊन बघणारे पाहुणे किंवा माल ठेवणारी नवी दुकाने मोजा.

एजन्सी गोव्यातली घ्यावी की बाहेरची?

कागद चांगला असेल तर फारसा फरक पडत नाही. कागद नसेल तर गोव्यातली बरी, निदान स्कूटर काढून जाऊन भांडता येते.

काम चालू असताना उद्दिष्ट बदलले तर?

बदलू दे, पण कागदावर. नवे काय आले, त्यासाठी जुने काय गेले, पैसे आणि तारीख किती सरकली, अशा तीन ओळी आणि दोन्ही बाजूंचा होकार. नुसते "हेपण घालूया ना" आठ वेळा झाले की नववी गोष्ट म्हणजे मूळ उद्दिष्ट, आणि ते कोणाला आठवत नाही.

एखादा नमुना द्याल का?

पेडण्याच्या होमस्टेच्या धर्तीवर, आकडे बदलून:

"आज: चार खोल्या. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे विकता येण्याजोग्या ४८८ रात्री. गेल्या पावसात विकल्या ७०, त्यांतल्या ६१ बुकिंग साइटवरून.
हवे: येत्या पावसात १५० रात्री, त्यांतल्या किमान ६० थेट फोनवर किंवा आमच्या वेबसाइटवरून.
कोणासाठी: बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहून गाडीने येणारी कुटुंबे. भाषा मराठी, कानडी, इंग्रजी.
यात नाही: सीझनच्या जाहिराती, रशियन पान, रोजच्या रील.
आमच्याकडून: फोटोंना परवानगी व दरपत्रक सुनेकडे, चौकशीला उत्तर मुलाकडे, अंतिम होकार फक्त मालकांचा.
मोजणार: दर महिन्याच्या पाच तारखेला, आमच्या रजिस्टरवरून."

एवढेच. एका पानात मावते, आणि मावायलाच हवे. मोजणी तुमच्या रजिस्टरवरून आहे, एजन्सीच्या रिपोर्टवरून नाही, हे शेवटच्या ओळीत मुद्दाम आहे.

एजन्सीने कागद वाचून "हे जमणार नाही" म्हटले तर?

कोणती ओळ जमणार नाही ते विचारा. तीन एजन्सींनी एकाच ओळीवर बोट ठेवले तर तुमचा आकडा चुकला आहे, तो बदला. एकीलाच अडचण असेल तर ते काम तिचे नाही. आणि पाच मिनिटांत "हो हो, सगळे होऊन जाईल, काळजीच नको" असे म्हणणारी भेटली, तर तिच्या हातात कागद देऊन "यात नाही" ही ओळ मोठ्याने वाचायला सांगा.